‘औषधाची सवय’ : प्रतिजैविके, प्रतिरोध आणि लोकसमजाची जडणघडण

प्रास्ताविक

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली बारा देशांत एक सर्वेक्षण केले. प्रतिजैविकांविषयी सर्वसामान्य माणसाला काय ठाऊक आहे, हे जाणून घेणे हा त्याचा हेतू होता. त्यातील एका प्रश्नाचे उत्तर विशेष लक्षवेधी आहे. प्रतिजैविकाला प्रतिरोध निर्माण होतो म्हणजे रुग्णाचे शरीरच त्या औषधाला दाद देईनासे होते, असे ७६ टक्के उत्तरदात्यांना वाटत होते. वस्तुतः प्रतिरोध शरीरात निर्माण होत नाही, तो जिवाणूंत निर्माण होतो. म्हणूनच ज्याने आयुष्यात कधीही प्रतिजैविक घेतलेले नाही, अशा माणसालाही प्रतिरोधक जिवाणूंची बाधा होऊ शकते. अहवालात या उत्तराची गणना गैरसमजांत झाली आणि लोकशिक्षणाची निकड प्रतिपादन करण्यात आली.

हा गैरसमज आहे, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यापुढचा प्रश्न विचारावा लागतो. हा समज आला कोठून? मराठी समाजापुरता विचार केला, तर त्याचे एक उत्तर भाषेतच आढळते. ‘त्या गोळीचा आता गुण येत नाही, अंगाला सवय झाली’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येते. तंबाखू, चहा, झोपेची गोळी, रेचक या साऱ्यांची शरीराला सवय होते, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ‘अंगवळणी पडणे’ या क्रियापदात तो साठवलेला आहे. नवे औषध या जुन्या साच्यात बसवले गेले. त्यातच शास्त्रीय परिभाषेने भर घातली. ‘रेझिस्टन्स’ या संकल्पनेसाठी मराठीत ‘प्रतिकार’, ‘प्रतिरोध’, ‘रोध’ असे पर्याय योजले गेले. यांपैकी ‘प्रतिकार’ हा शब्द ‘रोगप्रतिकारशक्ती’ या सामासिक शब्दामुळे आधीच शरीराच्या मालकीचा झालेला होता आणि तोही सद्‌गुण म्हणून! ‘प्रतिजैविक प्रतिकार वाढतो आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याने ती आनंदाची वार्ता समजावी, अशीच शब्दरचना आहे.

तथापि भाषा हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर होय. उरलेले अर्धे शासन, वैद्यकव्यवसाय आणि औषध उद्योग यांनी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत लोकांना जे शिकवले त्यात आहे. प्रस्तुत निबंधात त्या शिकवणुकीचा मागोवा घेतला आहे. लोकांनी प्रतिजैविकांचा धडा नीट गिरवला नाही, असे सर्वत्र म्हटले जाते. उपलब्ध इतिहास मात्र असे दर्शवितो की, लोकांनी तो पुष्कळच नीट गिरवला. धड्यातच दोष होते.

फ्लेमिंग यांची बोधकथा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात पेनिसिलिनचा शोध लागला. फ्लोरी, चेन आणि त्यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी यांनी १९४० च्या सुमारास त्याला औषधाचे रूप दिले. या घटनाक्रमातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. पेनिसिलिनचा नाश करणारे विकर काही जिवाणूंत असते, असे एब्रहॅम आणि चेन यांनी डिसेंबर १९४० मध्ये प्रसिद्ध केले. ऑक्सफर्ड येथील पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर यांच्यावर पेनिसिलिनचा प्रयोग झाला तो फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे औषध रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वीच त्याला निष्प्रभ करणारी यंत्रणा शास्त्रज्ञांना ज्ञात होती. प्रतिरोध हे माणसाच्या निष्काळजीपणाचे अपत्य आहे, या नंतर रूढ झालेल्या समजुतीच्या पार्श्वभूमीवर हा कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. बुरशी आणि जिवाणू यांच्यातील हा झगडा मानवजातीहून कितीतरी प्राचीन आहे. माणसाने त्यात उशिरा प्रवेश केला आणि एका पक्षाचे शस्त्र प्रचंड प्रमाणावर तयार करून सर्वत्र पसरवले.

डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक कल्पित प्रसंग सांगितला. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणून स्वतःच घेतो, पण पुरेशा मात्रेत घेत नाही. त्याच्या घशातील जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. पुढे त्या जिवाणूंची बाधा त्याच्या पत्नीला होते आणि पेनिसिलिन देऊनही ती दगावते. या मृत्यूला जबाबदार कोण? तर औषध कमी घेणारा तो पती. प्रतिजैविकांसंबंधीच्या लोकशिक्षणाची ही आदिकथा म्हणता येईल. तिच्यातील दोन गृहीतके पुढे जगभर रूढ झाली. दोष रुग्णाचा आहे, हे पहिले. आणि दोष कमी औषध घेण्याचा आहे, हे दुसरे.

कथेतील जिवाणू स्ट्रेप्टोकोकस होता. गंमत अशी की, घशाला बाधा करणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस हा जिवाणू पेनिसिलिनला आजतागायत बळी पडतो. ज्याच्या तोंडी फ्लेमिंग यांनी हा धडा घातला, तो विद्यार्थी ऐंशी वर्षांत तो शिकलेला नाही. प्रत्यक्षात प्रतिरोध प्रथम फोफावला तो स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जिवाणूत, आणि तोही घरी बसून अर्धवट औषध घेणाऱ्यांमुळे नव्हे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी केलेल्या पाहणीत पेनिसिलिनरोधक स्टॅफिलोकोकसचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के होते. १९४७ मध्ये ते ३८ टक्के झाले आणि १९४८ मध्ये ५९ टक्क्यांवर गेले. हे सारे रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत औषध दिले जात असताना घडले. मुळातच रोधक असलेले जिवाणू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरत होते. त्यांचे स्पर्धक तेवढे पेनिसिलिनने नाहीसे केले होते. बार्बर यांच्या आकड्यांतून निघणारा बोध रुग्णालयांच्या स्वच्छतेविषयीचा होता. लोकांपर्यंत पोहोचली ती मात्र फ्लेमिंग यांची कथा.

पिंपरी

भारतात पेनिसिलिन आले ते दुर्मीळ आणि परदेशी वस्तू म्हणून. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहेबसिंग सोखी यांनी जीवरक्षक औषधे देशातच आणि सार्वजनिक क्षेत्रात तयार व्हावीत, असा आग्रह दीर्घकाळ धरला होता. स्वातंत्र्यानंतर या विचाराला मूर्त स्वरूप आले ते पुण्याजवळच्या पिंपरी येथे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची १९५४ साली स्थापना झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे त्यात स्ट्रेप्टोमायसिनची भर पडली. केंद्र शासनाने औषधनिर्मितीसाठी सार्वजनिक क्षेत्रात काढलेला हा पहिला कारखाना होय.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासात या कारखान्याचे स्थान अग्रभागी आहे. टेल्को, बजाज यांच्या आधी माळरानावर उभा राहिलेला हा प्रकल्प, त्याची वसाहत आणि शाळा यांनी एका खेड्याचे रूपांतर नगरात होण्यास आरंभ करून दिला. येथील संशोधन विभागही नाव घेण्यासारखा होता. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ज्या मृदाजिवाणूपासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ हा शब्द योजून पिंपरीचे नाव जागतिक सूक्ष्मजीवशास्त्रात कायम केले गेले.

या कारखान्याचा लोकसमजावर झालेला परिणाम मात्र फारसा अभ्यासला गेलेला नाही. धरणे आणि पोलाद कारखान्यांच्या बरोबरीने पेनिसिलिन हे नव्या राष्ट्राच्या सामर्थ्याचे चिन्ह बनले. त्या काळातील शासनापुढचा प्रश्न तुटवड्याचा होता, अतिरेकाचा नव्हे. न्यूमोनियाने, बाळंतज्वराने, चिघळलेल्या जखमांनी माणसे मरत होती. औषध जास्तीत जास्त लोकांपर्यंत, कमीत कमी किमतीत पोहोचवणे हेच कर्तव्य होते आणि ते योग्यच होते. त्या पिढीवर दूरदृष्टीच्या अभावाचा आरोप करणे हा इतिहासाशी अन्याय ठरेल. मात्र त्यामुळे प्रतिजैविकांसंबंधीचा पहिला सार्वजनिक संदेश ‘हे औषध जपून वापरा’ असा नव्हता, तर ‘हे औषध आता आपलेही आहे’ असा होता, हे नोंदवले पाहिजे.

सुईचा महिमा

याच काळात यॉज या रोगाविरुद्धची मोहीम चालू होती. त्वचेवर मोठाले व्रण उठविणारा आणि पुढे हाडे विद्रूप करणारा हा रोग मध्य भारतातील दुर्गम अरण्यप्रदेशात, विशेषतः आदिवासी समाजांत होता. महाराष्ट्राचा पूर्वेकडील भागही त्यात मोडत होता. १९५२ ते १९६४ या काळात जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने पथके गावोगाव फिरली आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनची इंजेक्शने देण्यात आली. एका टोचणीने महिनोन्‌महिने न भरलेले व्रण काही दिवसांत सुकत. पुढे दुसऱ्या टप्प्यातील प्रयत्नांनंतर २००३ साली शेवटचा रुग्ण नोंदवला गेला आणि २०१६ मध्ये भारत यॉजमुक्त असल्यावर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झाले. सार्वजनिक आरोग्याचे हे यश निर्विवाद आहे.

या यशाची दुसरी बाजू एच. व्ही. वायट यांनी १९८४ साली मांडली. विकसनशील देशांत इंजेक्शन एवढे लोकप्रिय का, याचा शोध घेताना त्यांनी अशा सामूहिक मोहिमांकडे निर्देश केला. ज्याने डोळ्यांदेखत चमत्कार पाहिला, त्याला सुईच्या सामर्थ्याविषयी वेगळे पटवून द्यावे लागले नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘डॉक्टरने सुई मारली नाही’ ही तक्रार पुढे अनेक दशके ऐकू येत राहिली. सर्दी-पडशासाठीही सुईची अपेक्षा धरणारा रुग्ण अडाणी ठरवला गेला. त्याने काढलेले अनुमान मात्र निरीक्षणावर आधारलेले होते. कोणत्या रोगाला जिवाणू कारण आणि कोणत्या रोगाला विषाणू कारण, हा भेद त्याला कोणी सांगितलाच नव्हता. तो सांगायचा तर ‘जंतू’ हा एकच शब्द दोहोंसाठी वापरण्याची सवय आधी मोडावी लागली असती.

‘कोर्स’ची कथा

मराठीत रुळलेल्या वैद्यकीय शब्दांत ‘कोर्स’ या शब्दाइतका अर्थभारित शब्द क्वचितच असेल. ‘पाच दिवसांचा कोर्स’ म्हटले की ते औषध प्रतिजैविक आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. ‘कोर्स अर्धवट सोडू नका’ हे वाक्य शाळेच्या पाठ्यक्रमापासून औषधाच्या दुकानापर्यंत सर्वत्र उच्चारले जाते. या वाक्याचा इतिहास मनोरंजक आहे.

त्याचे एक मूळ फ्लेमिंग यांच्या व्याख्यानात आहे. दुसरे, अधिक भक्कम मूळ क्षयरोगात. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेतली, तेव्हा रुग्ण आरंभी सुधारत आणि काही महिन्यांत पुन्हा खालावत, असे दिसले. क्षयाच्या पोकळीत जिवाणूंची संख्या अफाट असते. त्यांतील काही थोडे उत्परिवर्तनामुळे आधीच औषधरोधक असतात. एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि हेच उरून वाढतात. दोन वा अधिक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ देणे हा त्यावरचा उपाय ठरला. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने तर हे उपचार आरोग्यधामाऐवजी रुग्णाच्या घरीही तितकेच परिणामकारक ठरतात, असे १९५९ मध्ये दाखवून दिले. जगाच्या क्षयोपचाराला वळण देणारे हे भारतीय संशोधन होते. उपचार घरी आले आणि त्याबरोबरच ते पुरे करण्याची जबाबदारीही घरी आली. पुढे सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात डॉट्स पद्धतीने औषध डोळ्यांसमोर गिळवण्यापर्यंत ही जबाबदारी काटेकोर झाली. क्षयाच्या बाबतीत ‘कोर्स पुरा करा’ हे अक्षरशः खरे आहे आणि त्यात कोणतीही सूट संभवत नाही.

अडचण निर्माण झाली ती हे सूत्र सरसकट लागू केल्याने. घशाची बाधा, मूत्रमार्गाची बाधा, त्वचेवरील गळू यांत प्रतिरोध वेगळ्या मार्गाने वाढतो. माणसाच्या आतड्यात आणि त्वचेवर असंख्य निरुपद्रवी जिवाणू नांदत असतात. प्रतिजैविक जितके दिवस घ्यावे तितके दिवस त्यांच्यावरही आघात होतो, त्यांतील रोधक वाण निवडले जातात आणि संधी मिळताच तेच रोग निर्माण करतात. अशा परिस्थितीत गरजेपेक्षा अधिक दिवस औषध घेणे हेच प्रतिरोधाला पोषक ठरते. मार्टिन लेवेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा मुद्दा मांडला आणि ‘कोर्स पुरा करा’ या संदेशाला पुरेसा पुरावा नाही, असे प्रतिपादन केले. त्यावर मोठा वाद झाला. रुग्णाने आपल्या मनानेच औषध बंद करावे, असा त्याचा अर्थ काढणे चुकीचे होते आणि आजही चुकीचे आहे. मुदत डॉक्टरांनीच ठरवायची आहे. परंतु पाच, सात, दहा हे आकडे प्रयोगांपेक्षा परंपरेने अधिक ठरले होते, ही गोष्ट या वादामुळे उघड झाली.

लोकसमजाच्या दृष्टीने पाहता येथे एक विचित्र स्थिती उद्‌भवते. २०१५ च्या सर्वेक्षणात भारतातील ५८ टक्के उत्तरदात्यांनाच सांगितलेली मुदत पुरी झाल्यावर औषध थांबवावे हे ठाऊक होते. उरलेले अज्ञानी गणले गेले. बरे वाटल्यावर औषध का घ्यायचे, हा त्यांचा प्रश्न मात्र दोनच वर्षांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात गंभीर शास्त्रीय प्रश्न म्हणून अवतरला.

चिठ्ठी कोणाची?

प्रतिजैविकांच्या गैरवापराची चर्चा निघाली की चिठ्ठीवाचून गोळ्या घेणारा ग्राहक आणि त्या विकणारा औषधविक्रेता यांच्याकडे बोट दाखवले जाते. हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे. उपरोक्त सर्वेक्षणातच भारतातील ७६ टक्के उत्तरदात्यांनी गेल्या सहा महिन्यांत प्रतिजैविक घेतल्याचे सांगितले आणि त्यांतील ९० टक्क्यांना ते डॉक्टर वा परिचारिकेकडून मिळाले होते. भारतातील १,०२३ मुलाखती इंटरनेटद्वारे घेतल्या गेल्या होत्या, त्यामुळे या आकड्यांना शहरी, सुशिक्षित वर्गाची मर्यादा आहे. तरीही ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

मुंबईतील पुरावा अधिक थेट आहे. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० वेगवेगळ्या उपचारयोजना लिहून दिल्या होत्या. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये, झरीर उदवाडिया यांच्यासह उपळेकर यांनी हीच पाहणी पुन्हा केली. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या आणि त्यांपैकी केवळ ६ जणांची चिठ्ठी बरोबर होती. अशा शहरात रुग्णाने चिठ्ठी निमूटपणे पाळली असती, तरी काय निष्पन्न झाले असते, हे सांगावयास नको. उदवाडिया आणि त्यांच्या हिंदुजा रुग्णालयातील सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये कोणत्याही उपलब्ध औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. शासनाने ‘सर्वौषधरोधक’ या संज्ञेवर आक्षेप घेतला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली नाही. संज्ञेविषयीच्या चर्चेत रुग्णांचा पूर्वेतिहास मागे पडला. एकाहून अधिक डॉक्टरांच्या दारी हिंडत, देखरेखीवाचून, अयोग्य मात्रेत दुसऱ्या फळीतील औषधे घेत ते तेथवर पोहोचले होते. त्यांनी औषध टाळलेले नव्हते. त्यांनी मिळेल ते औषध घेतले होते.

यापूर्वी दीडच वर्ष आधी असाच एक वाद होऊन गेला होता. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णाकडून मिळालेल्या जिवाणूतील विकराला २००९ च्या अखेरीस ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नाव देण्यात आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात त्याच्या प्रसारासंबंधीचा शोधनिबंध आला. राजधानीचे नाव विकराला दिल्याने संतापाची लाट उसळली. भारतीय वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध हे कारस्थान असल्याचे म्हटले गेले. नाव देण्याबद्दल लॅन्सेटच्या संपादकांनी २०११ च्या आरंभी दिलगिरीही व्यक्त केली. त्या गदारोळात एका गोष्टीचा विसर पडला. मार्च २०१० मध्ये, म्हणजे लॅन्सेटच्या निबंधापूर्वी पाच महिने, भारतीय फिजिशियन संघटनेच्याच नियतकालिकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी आपल्या तीन महिन्यांच्या पाहणीत कार्बापेनेम-रोधक असलेल्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये हेच विकर आढळल्याचे लिहिले होते. त्याच अंकात अब्दुल गफूर यांनी प्रतिजैविकांचा मृत्युलेख म्हणावा असा संपादकीय लेख लिहिला होता. देशातील संशोधकांनी देशातच दिलेला इशारा कोणी वाचला नाही. परदेशी निबंध आल्यावर मात्र राष्ट्राभिमान जागा झाला. १९५५ साली ज्या औषधाने राष्ट्राची मान उंचावली, त्याच औषधाच्या अपयशाची चर्चा आता राष्ट्राच्या मानापमानाच्या भाषेत होत होती, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

लाल रेघ

शासनाची पावले यानंतर त्वरेने पडली. ऑगस्ट २०१२ मध्ये वैद्यकीय संघटनांच्या चेन्नई घोषणापत्राने व्यवहार्य धोरणाची मागणी केली. ३० ऑगस्ट २०१३ रोजी औषधविषयक नियमांत ‘एच-१’ ही नवी अनुसूची समाविष्ट होऊन १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तीतील ४६ औषधांत अनेक प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे होती; विक्रेत्याने त्यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी, असे बंधन आले. अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन ही सर्वाधिक खपाची औषधे मात्र या यादीबाहेर राहिली. ज्या खेड्यात डॉक्टर नाही तेथे न्यूमोनिया झालेल्या बालकाला औषध मिळू नये, अशी स्थिती येऊ न देण्याचा विचार अशा सवलतींमागे असतो. तो क्षुल्लक नाही. अतिवापर आणि अभाव हे दोन्ही प्रश्न या देशात एकाच वेळी, कित्येकदा एकाच तालुक्यात नांदतात.

२०१६ साली ‘लाल रेघ’ मोहीम सुरू झाली. वेष्टनावर उभी लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीवाचून घेऊ नये, असा तिचा संदेश होता. निरक्षरालाही कळेल अशी ही खूण होती, यात वाद नाही. परंतु ती वेष्टनावर होती आणि असंख्य ग्राहकांच्या हाती वेष्टन जात नाही. पट्टीतून कापलेल्या चार गोळ्या जातात. दवाखान्यातच पुडी बांधून मिळणाऱ्या गोळ्यांवर तर कोणतीच रेघ नसते.

लोकशिक्षणाची खरी परीक्षा करोनाच्या साथीत झाली. करोना हा विषाणूजन्य आजार. प्रतिजैविकाचा त्यावर परिणाम होत नाही, हे पाठ्यपुस्तकी ज्ञान. तरीही जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात प्रौढांसाठीच्या प्रतिजैविकांच्या सुमारे २१ कोटी ६४ लाख मात्रा अपेक्षेहून अधिक खपल्या आणि त्यांत सुमारे ३ कोटी ८० लाख मात्रा एकट्या अझिथ्रोमायसिनच्या होत्या, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विक्रीच्या अभ्यासात मांडण्यात आला. अझिथ्रोमायसिनचे नाव लोकांनी स्वतः शोधून काढले नव्हते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतून आणि त्यांच्या मोबाईलवर फिरणाऱ्या छायाचित्रांतून घरोघरी पोहोचले.

शेतातील ज्ञान

प्रतिजैविकांच्या चर्चेत शेतकरी सहसा येत नाही. वास्तविक पिंपरीच्या कारखान्याचे एक उत्पादन महाराष्ट्रातील बागायतदाराच्या चांगल्याच परिचयाचे आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण असलेले ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ कृषी सेवा केंद्रांत मिळत आले आहे. सोलापूर, सांगली, नाशिक भागांतील डाळिंबाच्या बागांवर जिवाणूजन्य ‘तेल्या’ रोगाने संकट आणले, तेव्हा ताम्रयुक्त औषधाबरोबर त्याच्या फवारण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या. क्षयरोग्याला टोचले जाणारे आणि डाळिंबावर उडणारे द्रव्य एकच आहे, ही गोष्ट फवारणी करणाऱ्याला सांगितली गेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने या मिश्रणाचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याविषयीचा मसुदा काढला. मानवी औषधांतील प्रतिरोध हेच त्यामागचे कारण होते.

येथे पुन्हा भाषेकडे वळावे लागते. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला प्रतिरोध ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हिरवी बोंडअळी कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांना दाद देईनाशी झाली, हे त्याने पाहिले. बीटी कापूस आल्यावर भोवती बिगरबीटी ‘रेफ्युजी’च्या ओळी लावा, नाहीतर अळी या वाणालाही पचवील, असे त्याला बियाण्याच्या पाकिटासोबतच सांगितले गेले, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळपासून जळगावपर्यंत ते खरे करून दाखवले. या शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘कपाशीला औषधाची सवय झाली’ असे वाक्य कधीही येत नाही. ‘अळी औषधाला दाद देत नाही’ असेच तो म्हणतो. प्रतिरोध पिकात नसतो, किडीत असतो. एकाने बेसुमार फवारले तर शेजाऱ्याच्या शेतातही औषध लागू पडत नाही. आणि काही अळ्या मुद्दाम जगू देणे हिताचे असते, ही तिन्ही तत्त्वे त्याला अवगत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नपत्रिकेचे योग्य उत्तर मराठी बोलीत अशा रीतीने आधीपासून होते. लाल रेघेच्या भित्तिपत्रकावर ते कधी आले नाही. त्याच शेतकऱ्याला ताप आला आणि तो तालुक्याच्या दवाखान्यात गेला, की तेथे त्याला जुनेच वाक्य ऐकू येते : ‘या गोळ्यांची तुम्हाला सवय झाली आहे, आता जरा जास्त पॉवरच्या देतो.’